स्निग्ध कीं रूक्ष ?

मुखाची कांति कशी असावी, या प्रश्नावर हल्लीं तरुण स्त्रीवर्गांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, चेहरा दंवांत भिजलेल्या पानासारखा तुकतुकीत दिसला पाहिजे. गालाच्या उंचवट्यावर व नाकाच्या शेंड्यावर प्रकाश खेळला पाहिजे. यास त्या ‘ग्लो’ म्हणतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हा ग्लो म्हणजे तेलकटपणाला दिलेलें गोंडस नांव आहे. चेहरा मखमलीसारखा, कोठेंही न चमकणारा असावा. हा ‘मॅट’ पक्ष. लग्नसराई आली कीं हा वाद घराघरांत शिरतो. नवरीला सजविणारी पार्लरवाली सहज विचारते, ‘ताई, ग्लॉसी करूं कीं मॅट ?’ आणि मग आजी, काकू, आत्या, थोरली जाऊ व धाकटी नणंद या सर्वांचीं मतें एकाच वेळीं बाहेर पडतात. आजीला चमकणारा चेहरा ‘घामाघूम’ वाटतो, तर नणंदेला मॅट चेहरा ‘पीठ लावल्यासारखा’ वाटतो.

अशा वादांत निवृत्त शाळामास्तरानें तोंड घालावें कीं नाहीं, हा प्रश्नच आहे. परंतु ज्यानें आयुष्यभर संस्कृत शिकविलें, त्यास हे दोन पक्ष फार जुन्या ओळखीचे वाटतात. ग्लो म्हणजे स्निग्ध, आणि मॅट म्हणजे रूक्ष. हे दोन्ही शब्द आमच्या वैद्यांनीं आणि कवींनीं शेंकडों वर्षें वापरलेले आहेत. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, हा वाद मुळांत अगदीं निरुपद्रवी आहे. मात्र ‘तेज’ या शब्दाच्या आडून दुसराच एक शब्द घरांत शिरूं लागला, म्हणजे तो निरुपद्रवी राहत नाहीं. तो शब्द कोणता, हें क्रमानें पाहूं.

प्रथम चमक म्हणजे काय, हें समजून घ्यावें. शहाबादी फरशी कोरडी असतां तिजवर पडलेला प्रकाश सर्व दिशांस विखुरतो. तीच ओल्या फडक्यानें पुसली कीं तिच्यांत दिव्याचें प्रतिबिंब दिसूं लागतें. फरशी तीच, दिवाही तोच. मधल्या पाण्यानें पृष्ठभागावरील बारीक खांचखळगे भरून काढले, इतकाच फरक. चेहऱ्याचेंही तसेंच आहे. कपाळ, नाक व हनुवटी या भागांत तैलग्रंथी विपुल असतात. त्यांतून पाझरणारा स्नेह त्वचेवर पसरला कीं तेथें प्रकाश आरशाप्रमाणें परततो. त्यावर बारीक चूर्ण लावलें कीं तें तेल शोषून घेतें, पृष्ठभाग पुन्हां खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. म्हणून मॅट प्रसाधनांत शंखजिरें, चिनी माती, सिलिका अशीं चूर्णें असतात. ग्लो आणणाऱ्या प्रसाधनांत याच्या उलट, त्वचेवर ओलावा धरून ठेवणारें ग्लिसरिन, कांहीं तेलें, आणि ‘हायलायटर’ म्हणतात त्यांत अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. तेव्हां एका पक्षाची सारी विद्या शंखजिऱ्यांत आहे आणि दुसऱ्याची अभ्रकांत. दोन्ही खनिजें आपल्या आजीच्या काळापासून बाजारांत मिळत आलेलीं आहेत.

आतां आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळूं. कालिदासाच्या उत्तरमेघांत अलकानगरीच्या स्त्रिया लोध्राच्या फुलांच्या रजानें मुख पांडुर करतात. ही त्या काळची पावडरच होय. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीचें विवाहप्रसाधन सविस्तर वर्णिलें आहे. तिच्या अंगास प्रथम तेल लावितात. मग तें तेल लोध्राच्या कल्कानें काढून टाकतात. त्यानंतर स्नान व वस्त्रालंकार होतात. आणि तिच्या गालाचें वर्णन करतांना कवीनें योजिलेला शब्द ‘रूक्ष’ हाच आहे. लोध्राच्या तुरट लेपानें तिचा गाल रूक्ष झाला असून त्यावर गोरोचना लाविली आहे. साक्षात् जगन्मातेचा विवाहसोहळा, आणि तिच्या सख्यांनीं केलेला साज मॅट ! आमच्या घरांतील मॅटपक्षीय भगिनींस यापेक्षां मोठा आधार कोणता हवा ?

परंतु दुसऱ्या पक्षानें खिन्न होण्याचें कारण नाहीं. आयुर्वेद स्निग्धतेच्या बाजूचा आहे. चरकसंहितेंत ज्यांची त्वचा उत्तम, अशा ‘त्वक्सार’ मनुष्यांचीं लक्षणें सांगतांना स्निग्ध, मृदु व प्रभायुक्त त्वचेचा उल्लेख येतो. सुश्रुतानें त्वचेंत राहणाऱ्या पित्तास ‘भ्राजक’, म्हणजे चकाकी आणणारें, असें नांव दिलें आहे. अंगास लावलेलें तेल, लेप इत्यादि पचविणें हें त्याचें काम होय. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायांत नित्य अभ्यंग सांगितला, आणि त्यापुढें उद्वर्तन, म्हणजे उटणें लावणें, सांगितलें. त्यानें त्वचा प्रसन्न होते, असें फळही दिलें.

यांतील क्रम लक्षांत घ्यावा. आधीं तेल, मागाहून चूर्ण. आजही नरकचतुर्दशीच्या पहाटे प्रत्येक घरांत हेंच घडतें. आई कोमट तेलानें अंग रगडते, आणि लगेच वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, गुलाबकळी यांचें उटणें लावून तें तेल उतरविते. स्निग्ध व रूक्ष हे आमच्या परंपरेंत एकमेकांचे वैरी नव्हते. एकाच स्नानाच्या त्या दोन पायऱ्या होत्या. आज बाटल्या निराळ्या झाल्या, आणि पायऱ्यांचे पक्ष झाले.

मग चेहरा मुळींच चमकूं नये, हा कठोर दंडक कोठून आला ? त्याचें उत्तर शोधण्यास कोल्हापूरकरांस फार दूर जावें लागत नाहीं. हें गांव अंबाबाईचें, कुस्तीचें, तसेंच नाटक-सिनेमाचेंही आहे. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १९१५ सालीं येथें पॅलेस थिएटर उभें राहिलें. तेंच पुढें केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून नांवारूपास आलें, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें त्यास आग लागली, तेव्हां सारें गांव हळहळलें. जुन्या रंगभूमीवर तोंड रंगविण्यास सफेदा, हिंगूळ, काजळ असे पदार्थ वापरीत. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचा संयोग, हें येथें ध्यानांत ठेवावें. पाऱ्याची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे. रंगमंचावरील प्रेक्षक दूर बसलेला असे, म्हणून हा भडक रंग खपून जाई. कॅमेऱ्याचा डोळा मात्र तसा भोळा नव्हता.

नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आणला. पुढें १९२३ च्या ‘सिंहगड’ मध्यें त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचाही उपयोग केला. मूकपटांच्या काळीं सर्वत्र प्रचारांत असलेल्या फिल्मला निळा रंग चांगला दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें ओठांवरील लाली पडद्यावर काळी उमटे, आणि त्वचेंतील तांबूस छटा डाग पडल्यासारखी काळवंडे. म्हणून नटनटींचे चेहरे फिकट रंगानें लिंपावे लागत. त्यांत प्रखर दिव्यांखालीं घाम आला, कीं कपाळावर जेथें चमक पडे तेथें चित्रांत पांढरा ठिपका उठे. त्यावर एकच उपाय : वरचेवर पावडर. सांवळ्या-गोऱ्याचा किंवा सभ्य-असभ्यतेचा येथें कांहीं संबंध नव्हता. फिल्मची मर्यादा हेंच त्या पावडरीचें खरें कारण होतें.

१९२९ सालीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३२ सालीं तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला. त्यांत तारामतीची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनीं केली, आणि सुशिक्षित सारस्वत घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली, म्हणून त्या काळीं केवढी चर्चा झाली ! त्या चर्चेचा एक परिणाम मात्र मुकाट्यानें झाला. पडद्यावरचा तो नितळ, न चमकणारा चेहरा सभ्य स्त्रीच्या चेहऱ्याचा आदर्श म्हणून माजघरांत येऊन बसला. पुढल्याच वर्षीं, १९३३ सालीं, प्रभातनें ‘सैरंध्री’ हीच कथा रंगांत काढली. चित्रण कोल्हापुरांत झालें, रंगीत प्रती जर्मनींत तयार झाल्या. परंतु रंग भडक उतरले आणि प्रयोग फसला. अमेरिकेंतही रंगीत चित्रपटांस जुनीं तेलकट प्रसाधनें चालेनात. त्यांतील चमक रंगीत फिल्मवर खुपूं लागली, तेव्हां मॅक्स फॅक्टर कंपनीनें ‘पॅन-केक’ नांवाची कोरडी वडी काढली. ती १९३८ च्या सुमारास सामान्य स्त्रियांसाठीं बाजारांत आली. स्टुडिओंतील गरज अशा रीतीनें घरांतील फॅशन झाली.

आमच्या आज्या व पणज्या ज्यास ‘स्नो-पावडर’ म्हणत, तेंही मॅटच होतें. मुंबईंत पाटणवाला यांनीं १९१९ सालीं काढलेला ‘अफगाण स्नो’ अनेक घरांच्या फडताळांत असे. स्नो म्हणजे स्टिअॅरिक आम्लापासून बनविलेलें असें क्रीम, जें चोळतांच दिसेनासें होतें आणि तेलकट चकाकी मागें ठेवीत नाहीं. १९५२ सालीं टाटांनीं ‘लॅक्मे’ काढलें, तेव्हां देशी प्रसाधनांस प्रतिष्ठा आली. एकूण तीन पिढ्या पावडरीच्या छायेंत वाढल्या. मग सुमारें २०१७ पासून कोरियाची ‘ग्लास स्किन’, म्हणजे कांचेसारखी त्वचा, जगभर गाजूं लागली आणि वारें फिरलें. यालाही कारण कॅमेराच आहे. आज तो प्रत्येकीच्या हातांत आहे. खिडकीच्या मऊ उजेडांत किंवा गोल दिव्यापुढें ती स्वतःचें चित्र घेते, आणि तशा उजेडांत गालावरील ओलसर झळाळी शोभून दिसते. जुन्या कॅमेऱ्यानें चमक पुसविली, नव्यानें ती परत आणिली. आजी व नात दोघीही आपापल्या काळच्या दिव्याप्रमाणें बरोबर आहेत.

येथपर्यंत वाद गोड आहे. आतां त्या दुसऱ्या शब्दाकडे येऊं. ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें क्रीम १९७५ सालीं आपल्याकडे विक्रीस आलें. जुलै २०२० मध्यें, वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठला असतां, त्याच्या कंपनीनें त्याचें नांव ‘ग्लो अँड लव्हली’ असें केलें. ‘गोरी’ हा शब्द गेला, ‘ग्लो’ आला. हा बदल केवळ एका डबीवर झाला असें समजूं नये. तो आपल्या बोलण्यांतही झालेला आहे. पूर्वीं स्थळ सांगतांना लोक सरळ ‘गोरी पाहिजे’ म्हणत. आतां सुशिक्षितांस त्याची लाज वाटते. म्हणून ते ‘उजळ’, ‘नितळ’, ‘तेजस्वी’ असें म्हणतात. शब्द धुतले गेले, अपेक्षा तीच राहिली. सून चार दिवस दमली कीं ‘तेज उतरलें’ म्हणतात, आणि पुष्कळदां त्याचा अर्थ ‘काळवंडली’ एवढाच असतो. मुली हें सारें ऐकतात आणि न बोलतां उपाय शोधूं लागतात.

तो उपाय कधीं कधीं भयंकर असतो. बिननांवाच्या डब्यांत, किंवा परदेशांतून चोरट्या वाटेनें आलेल्या क्रीममध्यें, पारा सांपडतो. त्वचेंतील काळसर रंग तयार होण्याची क्रिया पारा अडवितो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळतो, आणि मैत्रिणी विचारूं लागतात, ‘काय ग लावतेस?’ परंतु तोच पारा त्वचेंतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. केरळांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी अभ्यासिले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकीं १३ जणांनीं त्वचा गोरी करणारें क्रीम वापरलें होतें. सुदैवानें वापर थांबविल्यावर बहुतेक बरे झाले. आपल्या महाराष्ट्रांतही, अकोल्यांतील एकाच घरांतील तिघींस मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्या वापरीत असलेल्या क्रीममध्यें पारा निघाला, असें वृत्त २०२३ सालीं आलें होतें. एकत्र कुटुंबांत डबी एक आणि बोटें अनेक असतात, हें येथें विसरूं नये.

कायदा आपल्या बाजूनें आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें डोळ्यांसाठींच्या प्रसाधनांखेरीज इतरांत, नकळत आलेला पारासुद्धां दशलक्षांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. परंतु कायदा डबीच्या झांकणावर बसून राहत नाहीं. म्हणून घरच्या कर्त्या माणसांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. डबीवर करणाऱ्याचें नांव, पत्ता, घटकांची यादी व परवाना क्रमांक नसेल, तर ती घेऊं नये. ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’ हे शब्द यादींत असतील, तर ती तत्काळ टाकावी. औषधाच्या दुकानांतून स्टिरॉइडचें मलम आणून तें रोज तोंडास लावण्याची चालही तितकीच घातक आहे. प्रारंभीं चेहरा उजळतो, मागाहून त्वचा पातळ व लाल होते, पुटकुळ्या येतात, बारीक शिरा दिसूं लागतात. आणि क्रीम वापरणाऱ्या मुलीच्या पायांवर किंवा डोळ्यांखालीं सूज आली, लघवीस फेंस येऊं लागला, तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवितां डॉक्टरांस दाखवावें, आणि ती डबीही बरोबर न्यावी.

आमच्या कवींस गोऱ्या रंगाचा मोह नव्हता, असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांना तो होता. मेघदूतांतील यक्षपत्नी ‘श्यामा’ आहे म्हणून कोणी हर्षित व्हावें, तों मल्लिनाथ तेथें ‘श्यामा’ म्हणजे युवती असा अर्थ देऊन मोकळा होतो. तथापि महाभारतानें जिला नायिका केली, ती द्रौपदी वर्णानें सांवळीच होती. तिचें नांवच कृष्णा. विराटाच्या राणीकडे ती अज्ञातवासांत राहिली ती सैरंध्री म्हणून, आणि सैरंध्रीचें काम काय ? केशरचना करणें, उत्तम विलेपन वाटणें, माळा गुंफणें. म्हणजे आजच्या भाषेंत ती पार्लरवालीच. अमरकोशांत सैरंध्रीचा अर्थ दुसऱ्याच्या घरीं राहणारी, पण स्ववश असलेली कारागीर स्त्री, असा दिला आहे. जिच्या रूपास राणी सुदेष्णाही भ्याली, ती सांवळी स्त्री दुसरीसाठीं लेप वाटीत होती. तिनें स्वतःचा रंग बदलण्यासाठीं कांहीं वाटल्याचें व्यासांनीं कोठें सांगितलेलें नाहीं. आणि कोल्हापुरच्या दोन मोठ्या चित्रसंस्थांनीं आपल्या नव्या प्रयोगांसाठीं १९२० व १९३३ सालीं निवडली, ती हिचीच कथा !

तेज आणि वर्ण या दोन भिन्न वस्तु आहेत, हें समजण्यास याच गांवीं आणखी एक साधन आहे. जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या प्रारंभीं, आणि पुन्हां नोव्हेंबरांत ९ तारखेच्या सुमारास, अंबाबाईच्या मंदिरांत किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत येतात. पहिल्या दिवशीं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशीं मध्यांगापर्यंत, आणि ढग-धुकें आड न आल्यास तिसऱ्या दिवशीं मुखापर्यंत पोंचतात. मूर्ति काळ्या पाषाणाची आहे. त्या क्षणीं हात जोडून उभ्या असलेल्या हजारों माणसांपैकीं कोणाच्याही मनांत, ही उजळ असती तर बरें झालें असतें, असें येत नाहीं. मग तींच माणसें घरीं येऊन सांवळ्या नातीला ‘दुधाची साय लाव’ म्हणतात, याचें नवल वाटतें.

रूपगोस्वामींनीं उज्ज्वलनीलमणींत लावण्याची व्याख्या मोत्यावरून केली आहे. मोत्याच्या आंत जसें पाणी हालल्यासारखें दिसतें, तशी अंगांत जी तरलता भासते, तें लावण्य. ही व्याख्या वर्णाचें नांवही घेत नाहीं. ती चमक पुरी झोंप, पोटभर जेवण व स्वस्थ मन यांनीं येते. ज्या घरांत सुनेस चार वाजतां उठून अकरापर्यंत राबावें लागतें, तेथें तिनें कोणतेंही क्रीम लाविलें तरी तें तेज येणार नाहीं, आणि न आल्याचा दोष तिच्याकडे जात नाहीं.

शेवटीं मूळ प्रश्नाचें उत्तर देतों. वैशाखांत लग्न असेल, होमाच्या धगीपुढें दोन तास बसावयाचें असेल, तर चेहरा मॅट ठेवावा. घामावर चमकेचा थर टिकत नाहीं. मार्गशीर्षांतील कोरड्या हवेंत त्वचा ओढली जाते, तेव्हां ग्लोपक्षाचें ऐकावें. रात्रीं फ्लॅशनें फोटो निघणार असतील, तर दोन्ही पक्षांनीं जपावें. तेलकट कपाळ त्यांत पांढरें दिसतें, आणि सिलिकेची पावडर फार झाली तर तीही पांढरी उठते. वडील मंडळींनीं मुलींच्या रंगाविषयीं चांगलें वा वाईट, कांहींच बोलूं नये. विशेषतः पाहुण्यांसमोर तर नाहींच. डब्यांवरील अक्षरें मात्र चष्मा लावून वाचावीं. एवढें झाल्यावर चेहरा तुकतुकीत ठेवावा कीं मखमली, हें जिचा तो चेहरा आहे तिलाच ठरवूं द्यावें.